नसलेला ब्रेक

"अहो, पाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय चटईत रुतून बसला होता. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा आणि उभा जन्म त्यांनी तो दाबला होता. ही घरची गाडी. इथे पायाखाली नुसती रबरी चटई होती, तीही चवड्यापाशी झिजलेली.

"आता पुन्हा दाबलात तर मी इथेच उतरेन," स्टिअरिंगमागून बायको म्हणाली. "जित्याची खोड."

अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या माणसाच्या बायकोला गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जेव्हा जेव्हा ती शिकायला बसली, तेव्हा तेव्हा या पायाला वैतागून उठली. आता उठून चालणार नव्हतं. मास्तरांना समोरचं दिसायचं, कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती.

"आरसा तरी तुझ्याकडे वळव."

"राहू दे तुमच्या उंचीचा. डोळे बरे झाले की तुम्हालाच बसायचंय."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि नुसतं दाबू नका म्हणून तुम्हाला जमायचं नाही," ती म्हणाली. "पायाचं काम तोंडाला द्या. दाबावंसं वाटलं की समोरची पाटी वाचायची. मोठ्याने."

गाडी एक आचका देऊन निघाली. गिअर करकरला. मास्तरांचा पाय शिवशिवला.

"पडदे आणि गाद्या," ते म्हणाले.

बस अगदी घासून गेली. "चष्मे. चष्मे. नंबर काढून मिळेल." वळण फार लांबून घेतलं बाईने. "रंगाचं दुकान. पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा." निदान ही पाटी तरी कामाची होती. ती हसली, तेही हसले, आणि पुन्हा अस्वस्थ होऊन पुढची पाटी शोधू लागले.

"छत्र्या दुरुस्त करून..."

गाडी गचकन थांबली. पट्टा छातीत रुतला.

बायको धापा टाकत होती. मग तिची नजर खाली गेली आणि चेहरा उजळला. "बघा. एवढं झालं तरी पाय जागचा हलला नाही तुमचा. जिंकलात की हो."

मास्तरांनी पायाकडे पाहिलं. तो चटईवर सैल पडला होता. मान डोलावून मोकळं होणं सोपं होतं. ते मान वळवून वळवून दोन्हीकडे बघत राहिले. समोर रस्ता रिकामा होता.

"काय आलं होतं गं मध्ये?"

तिचं हसू ओठांवरच राहिलं.

"सायकल," ती म्हणाली. "कडेने आली."

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली. तिने हात वर केला आणि आरसा स्वतःकडे वळवून घेतला.