पानिपतचा ऑपरेटर

मशीनजवळ कुणी आलं की मारुती आधी इंजिन बंद करायचा. अश्लेषाला त्याची ही सवय पहिल्याच फेरीत आवडली.

गुडगावच्या त्या मोकळ्या रानात काचेची ऑफिसं उभी राहायची होती. सध्या होता तो नुसता खड्डा, आणि त्यात तीसेक माणसं सळया बांधत होती. उद्या त्याच खड्ड्याच्या कडेने जनरेटर न्यायचा होता, ओबडधोबड जमिनीवर चालणाऱ्या मोठ्या चाकांच्या फोर्कलिफ्टवर. मागच्या ऑपरेटरने इथेच मशीन कलंडवलं होतं. सुटीचा दिवस, खाली कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. तेव्हापासून सेफ्टी ऑफिसर अश्लेषाने हेका धरला होता, की जनरेटर जाईल तेव्हा खड्डा रिकामा हवा. प्रोजेक्ट मॅनेजर उल्हासला ते परवडणारं नव्हतं. काम थांबलं की वरचे लोक त्याचंच डोकं खायचे.

"हा माणूस पक्का निघाला तर खालचं काम चालू ठेवायचं. चालेल?" उल्हासने विचारलं.

"आधी निघू तर दे, सर."

मारुती पानिपतहून आला होता, तिथल्या एका गिरणीची शिफारस घेऊन. काटक अंगाचा, तोंडात फक्त 'जी साहब' आणि 'जी मॅडम'. पानिपतचा आहे, आपलं पानिपत केलं नाही म्हणजे मिळवली, असं उल्हास मशीनला टेकून म्हणाला आणि पुण्याची ती दोघं मनसोक्त हसली. मारुती आरसा पुसत होता.

अश्लेषाने ट्रायलमध्ये खोड्या पेरून ठेवल्या होत्या. पॅलेटवर वजन लिहिलं होतं दीड टन. ताडपत्रीखाली मात्र मशीनला झेपणार नाही एवढी फरशी रचलेली होती. मशीनशेजारीच तिने हे उल्हासच्या कानावर घातलं तेव्हा त्याला फारच मजा वाटली.

मारुतीने फोर्क पॅलेटखाली घातले आणि थबकला. उतरून त्याने ताडपत्री वर केली.

"मॅडम, ये ज़्यादा है."

उचल रे, काही होत नाही, असा उल्हासने हात केला. मारुती ढिम्म हलला नाही. शेवटी अर्धी फरशी उतरवावी लागली.

पुढे डावीकडची वाट जवळची होती. पण तिथला चर कालच बुजवलेला, आणि वरून पाहून कुणाला पत्ताही लागला नसता. अश्लेषा ते उल्हासला दाखवत होती, तोवर मारुती इंजिन बंद करून मुकाट बसला होता. मग तो उतरला, टाचेने माती दाबून पाहिली आणि लांबच्या वाटेला लागला. माल जमिनीपासून वीतभर वर, मागे कललेला. चालवत होता मात्र फारच हळू, तेलाने भरलेली कढई नेल्यासारखा. याला जमिनीचा वास येतो की काय, उल्हास पुटपुटला.

राहिला उतार. माल घेऊन उतरायचं ते उलटं, रिव्हर्समध्ये, म्हणजे माल चढाच्या बाजूला राहतो. उल्हासने मात्र सरळ ये म्हणून खुणा करायच्या, असं दोघांनी तिथेच ठरवलं. खुणा त्याने अगदी जीव तोडून केल्या. मारुतीने मान हलवली, मशीन वळवलं आणि रिव्हर्समध्ये सावकाश खाली आला.

अश्लेषाला खरोखर भरून आलं. इतक्या साइट पाहिल्या, पण साहेबाला तोंडावर नाही म्हणणारा ऑपरेटर तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"उद्या खालचं काम चालू राहू दे," ती स्वतःहून म्हणाली.

संध्याकाळी मारुतीने हायवेवरच्या एसटीडी बूथमधून इचलकरंजीला बहिणीला फोन लावला. नोकरी लागल्याचं ऐकून शेवंता आधी रडली, मग घाबरली. गिरणीच्या गुळगुळीत फरशीबाहेर ज्याने कधी मशीन काढलं नाही, त्याने खाचखळग्यांत कसं निभावलं, हे तिला कळेना.

"अगं, काय अवघड नव्हतं," मारुती म्हणाला. "सायेब नि मॅडम आपल्याकडचीच निघाली. कुठं काय फसवाफसवी हाय, ते शेजारी उभं राहून मराठीत सगळं बोलत हुती. मी नुसतं इंजिन बंद करून ऐकत हुतो."