शनिवारची शस्त्रक्रिया

टॅलबर्ट कॉलेजचा फुटबॉल सामना ओडेल प्रुइट यांनी पाहिला की संघ हरतो, याविषयी अलाबामातील त्या गावात दुमत नव्हते. खुद्द ओडेल यांचेही नव्हते. म्हणूनच नोव्हेंबरातील, हंगामाच्या अखेरच्या सामन्याच्या वेळेलाच त्यांनी आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवून घेतली.

संध्याकाळी डॉक्टर हॉलिस मान खाली घालून ओडेल यांच्या पत्नीपाशी आले.

"गुडघा झकास झाला, वर्नेलताई. पण आपण हरलो."

"अरे देवा! आता यांना सांगणार कोण? बरं, उठवा तरी."

डॉक्टरांनी संमतिपत्र पुढे केले. सहीखाली ओडेल यांच्याच अक्षरात लिहिले होते : 'संघ जिंकल्याखेरीज मला शुद्धीवर आणू नये.'

वर्नेल यांनी ते दोनदा वाचले.

"पुढचा सामना कधी आहे?"

"सप्टेंबरात."