अंबूबाईचा घास

चाळीस वर्षांत अंबूबाई नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती. एकदाच, पोटुशी असताना, राहवलं नाही म्हणून तिनं चतकोर भाकरी खाल्ली, तर सावळारामानं तिचा हात चुलीत धरला होता.

आता भोरच्या दवाखान्यात तो निपचित पडला होता. दुधासारखं पांढरं अन्न पिशवीतून शिरेत उतरायचं, तेच त्याचं जेवण. पिशवी संपली की ह्यांचं झालं असं धरून अंबूबाई डबा उघडायची. तिनं घास घेतला की त्याला धाप लागायची.

"आजी, शिरेतून अन्न जास्त गेलं की शरीराला ते जाळावं लागतं, मग श्वास वाढतो," डॉक्टर म्हणाले. "आज पिशवी काढलीय. बघा, कसे शांत झालेत."

"व्हय, लई शांत झाल्यात."

डॉक्टर गेले. विंझरहून सुनेनं पाठवलेला डबा तिनं मांडीवर घेतला आणि त्याच्या छातीकडं बघत एक घास तोंडात घातला.

छाती भात्यासारखी हलू लागली.

तिनं चावायचं थांबवलं. छाती संथ झाली. तिनं पुन्हा चावलं, भाता पुन्हा सुरू झाला.

सावळारामानं डोळे उघडले. तिच्या तोंडाकडं बघत त्यानं कशीबशी मान हलवली. नको.

"तुमचं झालंय न्हवं?" अंबूबाई म्हणाली. "मग आता मी जेवते."

भाजलेल्या बोटांनी तिनं सावकाश दुसरा घास मोडला. डब्यात अजून तीन भाकरी होत्या.