हात धुण्याचा प्रवेश

भागोजीला हात धुवायची अक्कल नव्हती. दरवर्षी जत्रेच्या नाटकात राजा तोच, आणि दरवर्षी शेवटच्या प्रवेशात हात धुवायला बसला की उठायचंच विसरायचा. मागच्या साली तर पेटीवाल्याची बोटं दुखायला लागली, पोरं खिदळायला लागली, तरी हा आपला तांब्यामागून तांब्या ओततोय.

"मेल्या, राजा हायस का धोबी?" मागीलदारी येऊन उभ्या राहिलेल्या भागोजीला तुळसाने तोंडावरच विचारलं. "यंदा तीन तांब्यांत आटप."

एरवी तो हसला असता. आज हसला नाही. संध्याकाळच्या नाटकासाठी रक्त न्यायला आला होता.

गावाचं नाटक जुनं, एकाच वहीतून चालत आलेलं. राजा गादीसाठी धाकट्या भावाला मारतो आणि मग रक्त त्याची पाठ सोडत नाही. पाण्याच्या तांब्यात रक्त, राणीच्या कुंकवात रक्त, तान्ह्याच्या दुपट्यावर रक्त. शेवटी हात धूत धूत राजा वेडा होतो. एवढं सगळं रक्त गावाला तुळसा पुरवायची. रातांब्याचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, त्यात गूळ घालून आटवलेलं. बत्तीच्या उजेडात ते असं दिसायचं, की मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा डोळे झाकून घ्यायचे. तिला अक्षर धड लागत नव्हतं. पण 'रक्त आमच्या घरचं' हे ती ताठ मानेने सांगायची.

धुण्याच्या दगडापाशी सून, विमला, राजाचं उपरणं घेऊन रडकुंडीला आली होती. कालच्या तालमीत त्यावर आगळ सांडलं होतं. विमलाने साबण चोळला, तर लाल डाग निळा-काळा होऊन बसला.

"तुझ्या माहेरी चिपळुणात काय कोकमं नाय पिकत गो?" तुळसा कडाडली. "कोकमाला साबण लागला की निळं पडायचंच. रक्त असतं तर तपकिरी झालं असतं. आधी ताकात भिजवायचं असतं. जा, ताक घेऊन ये."

विमला आत गेली. भागोजी पायरीवर बसला.

"वयनी, यंदा हात धुऊन झाले की मी बोलणार."

"काय बोलणार?"

"गंगारामचं. देवीसमोर, सगळ्या गावासमोर. मग चौकीवर जाईन."

तुळसाने हातातली आगळाची बाटली हळूच खाली ठेवली.

गंगाराम तिचा धाकटा दीर. पोटच्या पोरासारखा वाढवलेला, आणि भागोजीचा जिवाभावाचा सोबती. बारा वर्षांमागे, चौऱ्याहत्तर साली, हा राजा आणि तो भाऊ झाला होता. सदऱ्याआड कोकमाचा फुगा बांधलेला असायचा, त्यावर पत्र्याचा सुरा नुसता दाबायचा. भागोजी त्या दिवशी थोडी घेऊन आला होता. सुरा जोरात बसला. गंगाराम कळवळून पडला, लोकांनी टाळ्या पिटल्या. नाटक संपलं तेव्हा तो कुठेच नव्हता.

भागोजी होडी काढून खाडी धुंडाळायला निघाला, तर तुळसाने त्याला वाटेतच अडवलं. "शोधू नको. सदरा बघितला मी. कोकम नाय, रक्त होतं ते. जखम धुवायला खाडीत उतरला असेल, भरतीने नेला. तू गप बस, मी गप बसते." सदरा चुलीत घातला, असंही तिने सांगितलं.

गावाला कळलं ते एवढंच, की गंगाराम बुडाला. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुलगी गुहागरची, तुळसाच्या सख्ख्या भावाची. शब्द तुळसाने दिलेला. सारं गाव तिच्यासाठी हळहळलं.

तेव्हापासून भागोजीने ना लग्न केलं, ना मुंबई गाठली. तुळसाच्या माडांवर तो चढायचा, तिचा भात तो लावायचा. ती त्याला शिव्या घालायची आणि पोटभर जेवायला वाढायची. पितृपंधरवड्यात गंगारामचं पान मात्र तिने कधी वाढलं नाही. भावकीने विचारलं तर म्हणायची, "अंग सापडलं नाय, पान कसलं वाढता?"

"बारा वर्सं झाली रे," ती आता म्हणाली. "कशाला उकरतोस?"

"हात कोरडेच होत नायत, वयनी." त्याने तळवे पुढे केले. ती ते कधी नीट बघायलाच गेली नव्हती. धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली होती, पेरापेरांवर चिरा होत्या. "तुमी मला पाठीशी घातलंत, ते विसरणार नाय. तुमचं नाव माझ्या तोंडून यायचं नाय. देवीची शपथ."

"माझं नाव घेणार नाय," तुळसा स्वतःशीच म्हणाली.

ती उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती हातात एक जुना सदरा घेऊन, आणि तो तिने दगडावर उपरण्याशेजारी पसरला. कुठे एक भोकसुद्धा नव्हतं. छातीवर तळहाताएवढा, साबणाने धुऊनही न गेलेला डाग होता.

भागोजी एकदा उपरण्याकडे बघायचा, एकदा सदऱ्याकडे. दोन्ही डाग निळे.

तुळसा त्याच्यासमोर उकिडवी बसली. भावकीतल्या कुणापुढे न वाकलेली बाई. तिने दोन्ही हात पुढे धरले.

"राजा तुला कधी जमलाच नाय, भागोजी. जमणार कसा? गंगारामला ती पोरगी नको होती. माझ्या पाया पडून तो पहाटेच्या बोटीने गेला, आणि मी माझा मोडलेला शब्द झाकायला खोटं बोलले. तुझ्या हातांना कधी काय लागलंच नव्हतं रे. उचल तो तांब्या, आणि ओत माझ्या हातांवर."