शेंदूर फासलेलं शून्य

दगड जागेवर नव्हता.

मोरेश्वर ओव्हरसियरच्या तोंडचं पाणी पळालं. दोन महिन्यांपूर्वी चावडीपुढं त्यानंच तो ठेवला होता, लाल ऑइलपेंट फासून. आलेखाच्या कागदावर तो दगड म्हणजे शून्य. तिथून एक रेघ शाळेकडं, एक डोंगराकडं. शाळेकडं एकशेवीस फूट, मग डोंगराकडं ऐंशी फूट, तिथं टिंब. टिंब म्हणजे सरकारी विहीर. ते नेमकं सरपंच गजा पाटलाच्या गोठ्यामागं पडलं होतं. पडलं कसलं, पाडलं होतं. पाटलाची कोंबडी फुकट जात नाही.

खालच्या आळीच्या बाया कोसभर चालून नदीच्या वाळूत खड्डे उकरायच्या, वाटीवाटीनं हंडा भरायच्या. पण बायांना आलेख काय कळतो? त्यांतलीच धोंडूबाई त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरून दिवसभर उन्हात उभी होती. ओव्हरसियर तिच्यावर खेकसला होता, "दगडाला धक्का लावू नकोस गं! हा हलला की टिंबही हललं!"

आता दगड खालच्या आळीत उंबराखाली बसला होता. अंगावर बोटभर शेंदूर, गळ्यात चाफ्याचा हार, वर मांडव. लाल दगड उघड्यावर ठेवायचा आणि गावानं त्याला दगडच म्हणावं अशी आशा धरायची, हे फक्त डिप्लोमावाल्यालाच सुचतं.

"कुणी हलवला हा?"

"देवाला ऊन लागत व्हतं," धोंडूबाई म्हणाली. "माज्या सपनात आला. म्हनला, सावलीत ने."

"देव कसला? मीच रंगवलाय तो!"

बायांनी कानांवर हात ठेवले. ओव्हरसियरनं सरपंचाकडं बघितलं. सरपंचानं टोपी काढून उंबराला हात जोडले.

"सायेब, जपून बोला. आमची म्हस तीन वर्सं भाकड व्हती. याला नवस बोललो, गाभन ऱ्हायली. मांडव माजाच हाय."

"अहो, पण विहीर तुमची जाईल! उचला, न्या चावडीपुढं!"

"मी? हात लावू?" सरपंच चार पावलं मागं सरला.

कागदावर अलिबागच्या साहेबाची सही होती. कागद बदलायचा तर साहेब विचारणार, शून्य कुठं गेलं? काय सांगायचं, त्याला नवस बोलतात?

"कागदात काय लिवलंय?" धोंडूबाईनं विचारलं.

"शून्यापासून एकशेवीस. मग ऐंशी."

"मंग मोजा की. सायबाची सही हाय, कागद कसा चुकंल?" तिनं टेपचं टोक धरलंसुद्धा.

मोजलं. टेप खालच्या आळीच्या मधोमध येऊन थांबली. तिथं आधीच एक खुंटी ठोकलेली होती. खुंटीला सुंभ, सुंभाला फुटाफुटावर गाठी. शेजारी रहाटाचं नवंकोरं चाक.

ओव्हरसियर खाली वाकला. खुंटीवरचं कुंकू वाळून काळं पडलं होतं.

"ही खुंटी कधीची गं?"

"देव हलवला त्याच्या आदल्या दिसाची." धोंडूबाईनं सरपंच लांब असल्याचं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "इहीर कुठं पायजे ते ठरल्याबिगर देव कुठं बसवायचा, ते कसं कळनार, सायेब?"