मागचं डावं चाक

“हा पुढे बसतो की मागे?”

आबांनी ब्रेक शू हातात उलटसुलट करत पुन्हा विचारलं. मिस्त्री त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसून बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होता. मान वर न करताच तो म्हणाला, “आखूड लायनरचा पुढे, आबा. लांब लायनरचा मागे.”

“असं होय!”

आबांनी मान डोलावली आणि लांब लायनरचा शू नेमका पुढे लावला. मिस्त्रीने हात पुसले, शू काढला आणि जागच्या जागी बसवून दाखवला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. पण घडा बापाचा असला की ओतत राहावंच लागतं.

ट्रक आबांच्या तरुणपणचा होता, लांब नाकाचा, गोल दिव्यांचा. घरामागच्या शेडमध्ये तो लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर, चढवून ठेवला होता. मागचं डावं चाक उतरवलेलं, ॲक्सलचा लांब दांडा बाहेर काढून भिंतीला टेकवलेला. उजव्या चाकाला मात्र कोणी हात लावायचा नाही, हा आबांचाच जुना दंडक. एक बाजू खोलली की दुसरी तशीच ठेवायची, अडलं तर ती उघडून बघता येते. मिस्त्री हे त्यांच्याकडूनच शिकला होता. हल्ली आबा तेही विसरले होते. जरा अडलं की त्यालाच हाक मारत.

मिस्त्री दमला होता. बायको गेली आणि त्याने गॅरेजचं शटर ओढून घेतलं. घर खायला उठायचं आणि बाहेर पडणं जिवावर यायचं. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तो पडून राहायचा. त्यात दुष्काळात तेरावा महिना. एका सकाळी शेडमधून ठणठणाट ऐकू आला म्हणून तो कसाबसा उठून गेला. बघतो तर आबांनी चाक उतरवून ड्रम, शू, स्प्रिंगा, सगळं फरशीवर पसरलेलं. मधोमध बसून ते म्हणत होते, “अरे, मला हे जोडता येईना.” ज्या माणसाने उभा जन्म ट्रकखाली काढला, त्याच्या तोंडून हे ऐकून मिस्त्रीला रडू आलं. त्या दिवशी त्याने सगळं जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा तिथेच बसले होते.

“ऑइल सीलचं तोंड कुठल्या बाजूला रे?” आबांनी विचारलं.

“आत, आबा. तेलाकडे.”

“तुला बरं आठवतं!”

ताई चहाचे कप घेऊन शेडच्या दाराशी आली. ती सकाळीच सासरहून आली होती. आबांना एक कप देऊन तिने भावाला बाजूला बोलावलं.

“त्यांची बॅग भरली आहे मी,” ती हळूच म्हणाली. “घेऊन जाते त्यांना. आमच्याकडे माणसांचा राबता आहे, करमेल त्यांना. आणि तू जरा आरशात बघ. काय होतास नि काय झालास!”

“तिकडे चाक कुठलं द्यायचं त्यांना?”

“म्हणजे हे रोजचंच आहे?”

“रोजचंच. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी सगळं पुन्हा खोलून ठेवतो. हाताला काम असलं की जेवतात तरी. मला सोबत बसवून घेतात. नाहीतर नुसते भिंतीकडे बघत बसतील.”

“अरे, पण तू किती पुरा पडणार?”

मिस्त्रीने चहाचा घोट घेतला. सकाळ झाली की हाक, जेवण झालं की हाक, ग्रीस संपलं की हाक. एकदा आबा गेले की खोलीचं दार लावून घ्यायचं, मग कोणी हाक मारणार नाही. या विचाराने त्याला फार बरं वाटलं. किती तरी दिवसांनी असं बरं वाटलं होतं.

“ने,” तो म्हणाला. “खरंच ने ग त्यांना. माझ्यात आता काही राहिलं नाही.”

ताईचे डोळे भरून आले. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पलीकडे आबा चिंधीने ड्रम पुसत होते. त्यांनी ऐकलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

“त्यांच्या गोळ्या आणि चष्मा आणतो,” म्हणत मिस्त्री घरात गेला.

ताई आबांजवळ उकिडवी बसली. लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, “आबा, चला, हात धुऊ या. माझ्याकडे यायचंय ना राहायला?”

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. चिंधीला बोटं पुसली, स्प्रिंग ओढायचा हूक उचलला आणि वरची स्प्रिंग एका झटक्यात ताणून अडकवली. मग खालची. दोन्ही शू तळव्याने दाबून सारखे केले, अंगठ्याने लायनर चाचपला आणि समाधानाने हुंकार दिला. ताई बघतच राहिली.

“आबा, तुम्हाला तर सगळं येतंय!”

“हळू बोल.”

आबांनी घराच्या दाराकडे पाहिलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. त्यांनी घाईघाईने दोन्ही स्प्रिंगा उपसून काढल्या आणि होत्या तशा फरशीवर पसरून ठेवल्या.

“मला घेऊन गेलीस,” ते म्हणाले, “तर उद्या सकाळी त्याला अंथरुणातून उठवणार कोण?”