तीस टक्के

"तीस टक्के म्हणजे येणार की नाही, तेवढं सांगा," आनंदीबाई फोनवर म्हणाल्या.

सर्जेरावांनी कपाळ चोळलं. कुठल्या किनाऱ्यावर किती जोराचं वादळ धडकू शकेल, हे विमा कंपन्यांना सांगण्याचा ते पुण्यात पगार घेत. कंपन्या टक्के ऐकून मान डोलवत. सासूबाई कंपनी नव्हत्या. हर्णैला समुद्राकाठच्या कौलारू घरात त्या एकट्या होत्या आणि अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं होतं.

"अहो आई, अंदाज असाच असतो. धडकलं तर ताशी सव्वाशे किलोमीटरचा वारा. छप्पर राहणार नाही. इकडे या."

"जावयाच्या घरी मुक्काम? लेक होती तेव्हा केला नाही, तो आता करू?"

"नियम वाऱ्याला सांगा."

"आणि तुम्ही मला टक्के सांगू नका. पूर्णिमा बरी होईल, ऐंशी टक्के, असं डॉक्टर म्हणाले होते. कोट मात्र छान होता त्यांचा."

बायको गेल्यापासून सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये सर्जेरावांना कुणी टोमणासुद्धा मारला नव्हता. मग त्यांनी नोकरीत कधीच केलं नव्हतं ते केलं.

"शंभर टक्के," ते म्हणाले. "थेट हर्णैवर."

"मग आधीच असं बोलायचं. उद्या सकाळच्या एसटीने निघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऑफिसातून स्वारगेटला निघाले, तेवढ्यात त्यांच्या हाताखालच्या अपेक्षाने खुर्ची फिरवली.

"सर, गुड न्यूज! वादळ सकाळीच ओमानकडे वळलंय. कोकण सेफ!"

ओमानमध्ये नातलग असल्यासारखा सर्जेरावांचा चेहरा पडला.

स्टँडवरून सासूबाईंना घरी आणताना रिक्षात ते मनात हिशेब मांडत होते. खरं सांगावं तर सासूबाई परतीची गाडी धरणार. न सांगावं तर घरात टीव्ही आहेच. शेवटी त्यांची पिशवी खाली ठेवता ठेवता ते बोलून गेले, "आई, वादळ वळलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. परत जायचं असेल, तर सोडतो स्टँडवर."

आनंदीबाईंनी पदर खोचला आणि ओट्यावर चहाचं आधण ठेवलं.

"वळलं ते मला दापोलीच्या स्टँडवरच कळलं," त्या म्हणाल्या. "पुण्याची गाडी तेव्हा लागलीसुद्धा नव्हती."